एका खोलीपुरतं ओक

“झेब्रा,” आर्नीमामा म्हणाला.

“अजून ओलं आहे ते,” मी म्हणाले. “वाळलं की नीट दिसेल.”

“हो. वाळलेला झेब्रा.”

आमच्या भाड्याच्या घराला गाडी लावायचं जे छप्पर आहे, त्याखाली मी फर या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची एक फळी दोन बादल्यांवर आडवी टाकली होती आणि तिला अक्रोडी रंगाचे दोन हात दिले होते. डब्यावरच्या चित्रात हा रंग काय भारदस्त दिसत होता! वकिलाच्या टेबलासारखा. माझ्या फळीतले मऊ, फिके पट्टे मात्र तो रंग घटाघटा प्यायले, आणि कडक तांबूस रेघांनी त्याला तोंडसुद्धा लावलं नाही. जे फिकं होतं ते काळं झालं, जे गडद होतं ते तसंच राहिलं. शिवाय मध्येमध्ये डाग, कुणीतरी कॉफी सांडून पळून गेल्यासारखे.

मामाने चष्मा कपाळावर सरकवला, फळीजवळ नाक नेलं आणि म्हणाला, “वादविवादात पहिल्या आलेल्या बाईंनी आता या फळीला पटवून द्यावं, की बाई गं, तू ओक आहेस.”

पहिली मी खरंच आले होते. जिल्ह्यात! त्याआधी मी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा घसा खाकरायचे. पण मार्चमध्ये त्या व्यासपीठावर काय झालं कोण जाणे, तोंड उघडलं आणि आतून कुणीतरी वेगळीच मुलगी बोलायला लागली. तेव्हापासून माझी खात्रीच झाली होती की जगात जे जे अडून बसलंय, ते केवळ मी अजून त्याच्याशी बोलले नाही म्हणून.

आणि सध्या अडून बसलं होतं आईचं घर.

टॅकोमा शहरात, आमच्या भागात, शंभर वर्षांपूर्वीची बुटकी घरं आहेत. छपराच्या रुंद पाखांची, जाड खांबांच्या ओसरीची, आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात त्या धाटणीची. आई तसंच घर बांधत होती, पण नवं. तिच्या मावशीने जाताना एक मोकळा प्लॉट तिच्या नावे ठेवला होता, त्यावर. या घरांचं सगळं सौंदर्य आत असतं: दारांच्या चौकटी, खिडक्यांच्या पट्ट्या, भिंतीतली कपाटं, भिंतीतलीच बाकं. जिकडे बघावं तिकडे लाकूड. त्यामुळे लाकूड कुठलं आणि त्याचा रंग कुठला हे एकदा ठरलं की ठरलं. मग जन्मभर तेच तोंड बघायचं.

माझी आई, लोर्ना हाउगेन, आमच्याच शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख आहे. शाळेतली पोरं तिला मिस लोर्ना म्हणतात आणि मला मिस लोर्नाची. तिच्या पावाच्या वासाने चौथ्या तासाला गणित कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आणि तिचा आवडता शब्द आहे ‘चालेल’. घरमालकाने बैठकीची भिंत पोपटी रंगवली, चालेल. बसमध्ये खिडकी नाही मिळाली, चालेल. बाबांनी ओरेगनला दुसरा संसार थाटला तेव्हाही ती चालेलच म्हणाली असणार, असा माझा अंदाज आहे.

ओक मामाचं होतं. त्याच्या जागेतलं ओकचं जुनं झाड माझ्या जन्माच्या आधी एका वादळात पडलं. मामा तेव्हा लाकडाच्या गिरणीत होता. ओंडक्याच्या आधी चार फाका करून आणि मग प्रत्येक फाक उभी चिरून त्याने फळ्या काढल्या. असं चिरलं की लाकूड फार वाया जातं, पण फळीवर चांदीसारखे चमकते पट्टे उमटतात. त्या फळ्यांनी त्याला स्वतःचं घर सजवायचं होतं. मग मामी गेली आणि घर राहूनच गेलं. फळ्या गोठ्यात वाळत पडल्या. आईच्या घराचा पाया घातला त्या दिवशी मामा म्हणाला, “ते ओक तुझं.” एवढंच. पुढे लगेच हवामानावर बोलायला लागला.

फक्त ते एका खोलीपुरतंच होतं. बाकी सगळीकडे फर. ती खोली कुठली हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडत नाही. पाहुणे जिथवर येतात तिथवर ओक, त्यापुढे फर, ही इथली रीतच आहे. काही जुन्या घरांत तर एकाच दाराची समोरची बाजू ओकची आणि मागची फरची असते. मला मात्र एका खोलीवर समाधान नव्हतं. जेवणाच्या खोलीचं फरही रंगवून ओकसारखं करायचं असं मी ठरवलं, आणि झेब्रा झाला.

“फरचं ओक होत नाही,” मामा म्हणाला. “चल, पुसून टाक. कॉरा वाट बघत असेल.”

कॉरा ब्रँडविक आमचं घर बांधत होती. आई आणि ती एका वर्गातल्या. कॉराला हळू बोलता येत नाही. करवत चालू असताना बोलायची सवय, त्यामुळे करवत बंद असली तरी ती ओरडतेच.

“सोमवारी मला लाकूड कापायचंय!” आम्ही आत शिरताच ती ओरडली. “ओकला कुठला रंग, फरला कुठला, आज-उद्यात सांगा. नंतर रडत यायचं नाही!”

घराला छप्पर होतं, खिडक्या होत्या, पण भिंती अजून कच्च्या होत्या. कॉराने प्रत्येक खोलीत नमुन्याच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. लाकडाचा रंग दुकानात बघून घ्यायचा नसतो, असं तिचं म्हणणं. ज्या खोलीत ते लाकूड लागणार, तिथल्याच उजेडात फळी ठेवायची आणि तिच्याशी जरा ओळख होऊ द्यायची.

समोरच्या खोलीत मामा आणि मी ताबडतोब भांडायला लागलो.

“गडद,” मामा म्हणाला. “गावातल्या जुन्या लायब्ररीसारखं.”

“मामा, लायब्ररीत लोक झोपतात. मधासारखा हवा. इथे शेकोटी, इथे खिडकीतलं बाक. माझ्या वादविवाद मंडळाची वर्षअखेरची पार्टी इथेच होणार आहे. मी सगळ्यांना सांगूनही टाकलंय.”

“घर बांधून व्हायच्या आधी आमंत्रणं गेली!”

“त्याला नियोजन म्हणतात.”

आई एका पालथ्या खोक्यावर सँडविचं मांडत होती. सामन माशाची, वर शेपूची पानं. आपल्या घराबद्दल नव्हे, शेजाऱ्यांच्या घराबद्दल भांडण चाललंय असा तिचा चेहरा होता. मला अगदी राहवेना.

“आई, घर कुणाचं आहे?”

“आपलं.”

“तुझं. कागदावर तुझंच नाव आहे. मग तू सांग. ‘मला हे हवं.’ तीन शब्द आहेत. म्हण.”

“तुम्हाला दोघांना जे पटेल ते चालेल मला.”

“बघ!” मी मामाकडे वळले. “बघ, ही अशी आहे!”

“माझ्याकडे काय बघतेस? मी लहानपणापासून बघतोय.”

कॉरा सँडविच खात माझ्याकडे बघून हसत होती. मग तिने कोपऱ्यातली झाकणाची बादली पायाने पुढे ढकलली. “हा तिसरा पर्याय. रंगच लावायचा नाही. धुरी द्यायची.”

“कसली?” मी विचारलं.

“अमोनियाची. बादलीत ओकचा तुकडा ठेवायचा, शेजारी वाटीत कडक अमोनिया, वर झाकण. ओकमध्ये मुळातच चहासारखं काहीतरी तुरट असतं. त्याला ती वाफ लागली की लाकूड आतूनच तांबूस होत जातं. वरून काही फासायचं नाही. जितका वेळ ठेवशील तितकं गडद. एकदा बसलेला रंग जात नाही. फरवर हे चालत नाही, फक्त ओकवर.”

आईने हातातलं सँडविच खाली ठेवलं.

“म्हणजे भाजण्यासारखंच की,” ती म्हणाली.

“हो. तसंच म्हण.”

“आत किती तुकडे मावतील?”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी मामाकडे पाहिलं. लाकडाबद्दल आईने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता, त्याआधी ती फक्त नळ कुठे येणार एवढंच विचारायची.

पुढचं सगळं आईनेच केलं. कॉराने तिला गॉगल आणि मास्क दिला, झाकण उघडताना तोंड बाजूला कसं करायचं ते दाखवलं, आणि आईने बादली आपल्या ताब्यात घेतली. तुकडे सगळे एकदम आत ठेवायचे आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक बाहेर काढायचा, असं तिने ठरवलं. शनिवारची दुपार, संध्याकाळ, रविवारची सकाळ, जेव्हा पाहावं तेव्हा आई प्लॉटवर. घरी आली की केसांना तो झोंबरा वास. मी म्हटलं, “आई, तुझ्या डोक्याला गोठ्याचा वास येतोय,” तर म्हणते, “चौथा तुकडा अजून कच्चा आहे.” जेवताना, भांडी घासताना डोक्यात तेच. मी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं. परीक्षेच्या आधी मी अशी असते.

रविवारी दुपारी ती राय नावाच्या धान्याच्या पिठाचा आख्खा पाव घेऊन घरावर आली. सगळे तुकडे तिने खिडकीखाली ओळीने मांडले. पहिला गव्हाळ, शेवटचा जवळजवळ काळा. मग पाव उचलून प्रत्येक तुकड्याशेजारी धरून पाहायला लागली. बाहेर नेहमीसारखी भुरभुर चालू होती आणि खिडकीतून तो करडा उजेड येत होता. आमच्याकडे वर्षातले निम्मे दिवस उजेड असाच असतो.

मामा शेवटच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाला, “हा. यात काही शंकाच नाही.”

“करपलाय तो,” आई म्हणाली.

“काय?”

“करपलाय, आर्नी. हा बघ.” तिने मधला एक तुकडा उचलला. पावाच्या वरच्या कवचाचा जो रंग असतो, तोच. तुकडा जरासा तिरका केला, आणि त्यातले चांदीचे पट्टे पाण्यातल्या माशासारखे एकदम वळले. “याच्या आधीचा कच्चा आहे, याच्या नंतरचा कडू. हाच.”

एवढं बोलून ती थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मला हा हवा.”

मी किंचाळले. खरंच किंचाळले. कॉराच्या हातातून टेप पडली. मी आईला मिठी मारली, पाव मध्ये चेपला. मला वाटत होतं हे सगळं माझंच यश आहे, माझ्याच व्याख्यानांचं फळ.

“झकास!” कॉरा ओरडली. “आणि फरला?”

“फरला रंग नको. त्याला जे आहे तेच राहू दे. तू म्हणत होतीस ना, लाखेचा पातळ हात? तोच.”

“मग ठरलं. समोरच्या खोलीला धुरीचं ओक, बाकी लाख लावलेलं फर.” कॉराने जमिनीवर पडलेली टेप उचलली.

“समोर नाही,” आई म्हणाली.

कॉरा वाकलेलीच राहिली.

“समोर फर. ओक स्वयंपाकघरात. मागच्या खिडकीशी ते जेवायचं कोनाड्यातलं बाक आहे ना, ते सगळं ओकचं. बाक, टेबल, मागची भिंत, खिडकीची चौकट. उरेल ते कपाटांच्या दारांना.”

छपरावर पावसाचा बारीक आवाज येत होता.

“स्वयंपाकघरात,” मामा म्हणाला. तो हळू बोलला म्हणजे त्याला लागलेलं असतं. “लोर्ना, ती लाकडं मी इतकी वर्षं सांभाळली. दरवर्षी उलटीपालटी केली. कुणाला कुंपणालासुद्धा एक फळी दिली नाही. ती काय तू भांड्यांच्या मागे लावणार? जिथे कुणी येत नाही तिथे?”

“कुणी येत नाही?” आई म्हणाली. “तू रविवारी येतोस तेव्हा कुठे बसतोस?”

मामा हातातली टोपी फिरवायला लागला.

“सोळा वर्षांत तू माझ्या समोरच्या खोलीत एकदा तरी बसलायस का? येतोस तो थेट मागे. कॉरा येते तीही मागेच. शेजारची म्हातारी मागच्या दाराने येते. समोर कोण येतं? मीटरवाला.”

“पण आई,” मी तोंड उघडलं. माझ्याकडे तीन मुद्दे तयार होते. घराची शोभा, पाहुण्यांवर पडणारी छाप, आणि इथली शंभर वर्षांची रीत. “पण आई, समोरच्या खोलीत माझे सगळे...”

“तुझे सगळे येतील, फरच्या खोलीत बसतील, पिझ्झा खातील. फर काय वाईट आहे? दोन वर्षांनी तू कॉलेजात जाशील.” तिने ते अगदी सहज म्हटलं. “मग त्या खोलीत मी एकटीने शेकोटीसमोर ओकचं काय करू? दिवसभर लोकांना वाढून मी घरी येणार. मी जिथे बसणार, तिथे मला चांगलं लाकूड हवं.”

माझे तीनही मुद्दे जिभेवर होते. व्यासपीठावर समोरच्याचं म्हणणं खोडायला मला दोन मिनिटं मिळतात, इथे मला दोन तास दिले असते तरी काही उपयोग नव्हता. ‘मला हे हवं’ म्हणायला मीच तिच्या मागे लागले होते. ती माझ्याच आवडीचं मागेल, हे मी मनाशी कधी धरलं कोण जाणे.

मामा टोपी घालून बाहेर गेला. खिडकीतून तो दिसत होता, आपल्या गाडीत बसलेला, इंजिन बंद, काचेवर पावसाचे थेंब. मी आईकडे बघत होते. आता ही जाणार. दार उघडून म्हणणार, ‘जाऊ दे आर्नी, समोर लावू, चालेल मला.’ मला ठाऊक होतं. गेली सोळा वर्षं मी हेच बघत आले होते.

आईने चेपलेल्या पावाचे तुकडे केले. एक कॉराला दिला, एक मला, आणि एक आपण खाल्ला. गेली नाही.

बऱ्याच वेळाने मामा परत आला. टोपी भिजलेली. तो थेट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेला, कच्च्या भिंतीवर हात फिरवला, खिडकी किती रुंद आहे ते वितीने मोजलं.

“फळ्या मी निवडणार,” तो कॉराला म्हणाला. “एका फळीचे पट्टे दुसरीला जुळले पाहिजेत. स्वयंपाकघर आहे म्हणून कशाही ठोकल्यास तर याद राख.”

“मी कधी कशाही ठोकते?” कॉरा गरजली.

“आणि लोर्ना, माझा पाव कुठाय?”

पुढच्या शनिवारी कॉराने आम्हाला बाकाच्या मापासाठी बोलावलं. फळ्यांना धुरी द्यायच्या आधी सगळं कापून तयार हवं, म्हणून तिने कोनाड्यात साध्या प्लायवूडचं कच्चं बाक उभं केलं होतं. नेहमीच्या मापाचं, सगळ्या घरांत असतं तसं.

“बस,” ती आईला म्हणाली.

आई बसली. अगदी कडेला, पाठ ताठ, दोन्ही पाय जमिनीवर, एक टाच उचललेली. गॅसवर काहीतरी ठेवून आल्यासारखी.

“अशी नको. नीट बस. रोज बसशील तशी.”

“मी अशीच बसते.”

“मग मला एवढीशीच फळी पुरेल. बाकीचं ओक आर्नीला परत देते.”

आई हसली. मग हात टेकून हळूहळू मागे सरकली. पाठ भिंतीला टेकली, आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले. लहान मुलांसारखे लोंबकळायला लागले. आई बुटकी आहे हे मला माहीत होतं, पण तिला कधी टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे किती बुटकी ते कळलं नव्हतं.

कॉरा गुडघ्यांवर बसली आणि आईच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून पाठीपर्यंत टेप लावली. “हे नेहमीचं माप तुझं नाहीच. बाक खाली घ्यावं लागेल, आणि आत इतकं खोल नको. टेबलही त्या हिशोबाने खाली. पण आधीच सांगते, मग उंच माणसांची पंचाईत होईल. आर्नीचे गुडघे टेबलाला आपटतील. या पोरीचेही.”

“आपटू दे माझे,” मामा म्हणाला. “म्हाताऱ्याचे गुडघे तसेही दुखतातच.”

आईने जरा विचार केला. ती आता माझ्याकडे बघेल, मग बघून मान हलवेल आणि नेहमीचंच माप ठेव म्हणेल, असं मला वाटलं. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

“माझ्या मापाचं कर,” ती म्हणाली.

कॉराने प्लायवूडचं बाक काढलं, खालचे ठोकळे कापले, पुन्हा ठेवलं, वर टेबलाऐवजी एक फळी आडवी धरली. आई परत बसली. आता पाठ भिंतीला होती आणि दोन्ही पाय पूर्ण जमिनीवर. तिने हात त्या फळीवर ठेवले.

“सरक,” मी म्हणाले आणि तिच्या शेजारी शिरले. माझे गुडघे थेट फळीला लागले. मी तिरकी झाले, पाय एका बाजूला घेतले, तरी मावेना. शेवटी मी पाय बाहेर काढून बाकाच्या टोकाशी, वाटेत बसले.

आईने पाहिलं. माझ्या पाठीवर हात ठेवला. पण ती जागची हलली नाही.

“मार्क करू?” कॉराने विचारलं. पेन्सिल भिंतीवर टेकवून ती वाट बघत होती.

“कर,” आई म्हणाली.